मे महिन्यातलं गरवणं: हंगाम संपता संपता कोकण किनाऱ्यावर काठी घेऊन उतरताना

परीक्षा संपल्या की नवी काठी आणि नवी चक्री घेऊन बरेच जण कोकणात येतात. नाश्ता उरकून दहाला किनाऱ्यावर पोचतात. पाणी काचेसारखं निवळ, ऊन डोक्यावर, आणि दुपारी दोनपर्यंत हाती लागतो एखादा शेंगाळा. मग 'उन्हाळ्यात मासा नसतो' असं म्हणत काठी माळ्यावर जाते.

मासा असतो. एप्रिलअखेर ते मे हा काठीने गरवणाऱ्यासाठी, म्हणजे गळ टाकून मासे पकडणाऱ्यासाठी, चांगला काळ आहे. नद्या आटलेल्या असतात, त्यामुळे खाडीचं पाणी वर्षातलं सर्वांत खारट होतं आणि समुद्रातला मासा खाडीत लांबवर आत शिरतो. तांबोशी, पालू, जिताडा पावसाळ्याआधी भरपूर खातात. अडचण वेळेची आहे. पाणी निवळ आणि तापलेलं असल्याने मासा उजाडताना आणि अंधार पडताना खातो, तोही पाणी वाहतं असताना. म्हणून सुट्टी पाहून निघू नका, तिथी पाहून निघा. हे एवढं पाळलंत तरी अर्धं काम झालं.

पुढचं सगळं किनाऱ्यावरून, खडपावरून (समुद्रात शिरलेल्या कातळावरून) आणि खाडीच्या काठावरून काठीने किंवा हातातल्या तंगूसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) गरवण्याबद्दल आहे. होडीतून जाण्याचा विषय वेगळा.

१. आधी दिवस ठरवा, मग खोली बुक करा

हंगामाचा शेवट कॅलेंडरवर स्पष्ट आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पण खडपावर उभं राहणाऱ्याचा हंगाम त्याच्या आधीच संपतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दक्षिणेकडून लांब पल्ल्याच्या लाटा यायला लागतात. इथे वारा नसतो, आकाश निळं असतं, तरी खडपावर पाणी चढतं. नवख्याने साधारण १५ मेपर्यंत खडप करावं, त्यानंतर खाडीच्या आत सरकावं आणि मेचा शेवटचा आठवडा सोडून द्यावा.

पाऊस ७ जूनच्या आसपास येईल या हिशेबावर विसंबू नका. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला होता. २०२१ चं तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच कोकणाला घासून गेलं. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी आली की बेत रद्द करा, अगदी आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन गोष्टी पाहा. पहिली, हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा. दुसरी, हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचा सागरी अंदाज. त्यात लाटेची उंची तर पाहाच, पण दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही पाहा. एक मीटरची लाट ६ सेकंदांनी येत असेल तर ती वाऱ्याने उठलेली वरवरची लाट आहे. तीच १५-१६ सेकंदांनी येत असेल तर दूरवरून ताकद घेऊन आली आहे आणि खडपावर दुप्पट चढेल. नवखे उंचीचा आकडा पाहून फसतात.

२. तिथीवरून भरतीची वेळ काढा

कोकणातला जुना हिशेब आजही चालतो. तिथीला ३ ने गुणायचं आणि ४ ने भागायचं. उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर ५ × ३ = १५, भागिले ४ म्हणजे पावणेचार. पावणेचारला भरती पूर्ण, तिथून सुमारे सहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. रोज वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

हा हिशेब ढोबळ आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास लागते, गणितात सव्वाअकरा येतात. दक्षिणेकडे जावं तशी भरती आधी येते. गोव्यात ती मुंबईच्या तासाभर आधी असते. त्यामुळे मुंबईचं वेळापत्रक पाहून वेंगुर्ल्यात उभे राहिलात तर पाणी फिरून गेलेलं असेल. नेमक्या वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. पण तिथीचा हिशेब तोंडपाठ ठेवा, कारण खाडीत मोबाइलला रेंज असतेच असं नाही.

किती पाणी वाहणार, हेही तिथी सांगते. अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. अष्टमी ते दशमी भांगाची भरती, पाणी मंद. मुंबई-रायगडात उधाणाला चढ-उतार चार मीटरच्या वर जातो आणि पाणी चिखलासारखं गढूळ होतं. सिंधुदुर्गात तो दोन-अडीच मीटरच्या घरात असतो आणि पाणी बरंच स्वच्छ राहतं. म्हणून रायगडात उधाण टाळून चतुर्थी ते षष्ठी बरी. सिंधुदुर्गात उधाणालाही गरवता येतं. उलट भांगाला तिथे पाणी इतकं निवळ आणि संथ असतं की मासा आमिष हुंगून निघून जातो.

मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. त्यावरून असं बसवा:

पंचमी-षष्ठीला पहाटेपासून ओहोटी चालू असते. खाडीच्या मुखाशी आणि खाजणांच्या (तिवरांच्या दलदलीच्या) तोंडाशी सहा ते नऊ.

एकादशी-द्वादशीला सव्वाआठ-नऊला भरती पूर्ण होते. खडपावर आणि जेट्टीशेजारी उजाडल्यापासून आठपर्यंत.

अमावास्या-पौर्णिमेला पहाटे पाच-सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या सकाळी गरवू नका, जागा पाहा. खडपातल्या घळी, बुडणारे दगड, वाळूतले खड्डे, कालवांनी भरलेले कातळ सगळं उघडं पडतं. फोटो काढा, काठावरची एखादी खूण लक्षात ठेवा. भरतीत हेच खड्डे तुमच्या गळाची जागा असतात. गरवायला आलेला नवखा ही एक सकाळ 'वाया' घालवायला तयार नसतो आणि पुढचे चार दिवस आंधळेपणाने शिसं फेकत राहतो.

साडेदहा-अकराला वायव्येचा वारा सुटतो. लाइन वाकते, ऊन भाजतं, मासा खोलात जातो. तेव्हा घरी जा. पुन्हा साडेपाचला या.

३. जागा निवडा

पुळण. पहिली सकाळ इथेच घालवा. वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशे मिळतात, गोत्यात येण्याची भीती कमी, काठी फेकण्याचा हातही बसतो. फार लांब फेकायचं नाही. मुडदुशे पहिल्या फुटणाऱ्या लाटेच्या मागच्या खळग्यात असतात, काठापासून १५ ते ३० मीटरवर. बहुतेक जण त्यांच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात.

खाडीचं मुख आणि खाजणांची तोंडं. तिवरांमधून छोटा ओहोळ जिथे मुख्य खाडीला मिळतो तिथे ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं बाहेर वाहत येतात. जिताडा तोंडाशीच दबा धरून असतो. त्याला रायगडात जिताडा म्हणतात, सिंधुदुर्ग-गोव्यात चोणक. निवळ आणि गढूळ पाण्याची जी रेघ दिसते, तिच्या गढूळ बाजूने आमिष निवळाकडे वाहू द्या. रायगडात खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीसमोरही, म्हणजे पाणी सोडायच्या दारासमोरही, हेच घडतं. मात्र उघाडी आणि तिच्यामागची तळी गावातल्या शेतकऱ्यांची असतात. विचारल्याशिवाय बांधावर चढू नका.

खडप. तांबोशी, हेकरू, पालू इथले. मासा मोठा, धोकाही मोठा. खडपावर पाय ठेवण्याआधी वीस मिनिटं लांब उभं राहून समुद्र पाहा. लाटा गटाने येतात. पंधरा मिनिटं शांत असलेल्या कातळावर एकदम तीन मोठ्या लाटा येऊ शकतात. कातळ जिथपर्यंत ओला दिसतो त्याच्या वर, कोरड्या भागातच उभं राहा. आणि मागे वळून पाहा: तुम्ही चालत आलात ती घळ भरतीत बुडणार आहे का? एकादशीला उजाडताना कोरड्या वाळूवरून पार केलेली घळ आठ वाजता छातीइतकी भरलेली असते. परतीची वेळ आधी ठरवा आणि मासा लागत असला तरी निघा. खडपावर एकटं जायचं नाही, रात्री तर नाहीच.

जेट्टीवर गरवायचं तर काम चालू असलेला भाग सोडा. मेच्या अखेरीस बोटी रिकाम्या होत असतात, जाळी उतरवत असतात, बोटी किनाऱ्यावर ओढण्याची घाई असते. 'काका, इथे गरी टाकली तर चालेल ना?' एवढं विचारलं की जागा दाखवायला माणूस स्वतः पुढे येतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर तिच्या आसपास काठी उघडूच नका. खाडीत तरंगणारे बोये दिसले तर खाली जाळं आहे. त्यावरून लाइन टाकलीत तर तुमची लाइन आणि त्यांचं जाळं, दोन्हींचं नुकसान.

मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात गरवण्याआधी कुठे मनाई आहे ते स्थानिक मत्स्य किंवा वन कार्यालयात विचारून घ्या. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर मेपर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात. ती उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात, म्हणून तिथे रात्री विजेऱ्या लावून बसू नका.

४. सामान

एकच संच घ्यायचा तर हा:

काठी ८ ते ९ फूट, २० ते ६० ग्रॅम वजन फेकणारी. बारा फुटी काठी पुळणीवर ठीक, तिवरांत ती अडकते.
चक्री ४००० किंवा ५००० आकाराची.
२० ते ३० पौंडी ब्रेड (विणलेली) लाइन, १५० ते २०० मीटर.
लीडरसाठी, म्हणजे गळाजवळच्या शेवटच्या तुकड्यासाठी, ०.५० ते ०.६० मिमी जाडीचा तंगूस.
गळ: मुडदुश्यासाठी ८ ते १० नंबर, तांबोशी-पालूसाठी १/० ते ३/०, जिवंत आमिषावर जिताड्यासाठी ४/० किंवा ५/०.
शिसं: १५, ३० आणि ६० ग्रॅमची, प्रत्येकी सहा तरी.
फिरक्या (लाइनला पीळ पडू न देणारे फिरते जोड), रबरी मणी, लांब नाकाची पक्कड, कात्री, मोजपट्टी, ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा).
जाड तळाचे पट्टा असलेले बूट. कालवांची धार चपलेतून आत जाते.
डोक्याला बांधायची बॅटरी, टोपी, माणशी तीन लिटर पाणी.
थर्मासमध्ये गरम पाणी. ते चहासाठी नाही, कारण पुढे येईल.
बर्फाची पेटी २० ते २५ लिटरची.

काठी नसेल तरी अडत नाही. ०.६० मिमीचा ५० मीटर तंगूस लाकडी पट्टीवर गुंडाळून जेट्टीवरून उत्तम गरवता येतं. बोटाला मात्र सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, नाहीतर पहिली तांबोशी बोट चिरते.

सोबत ठेवायची कागदपत्रं थोडी: फोटो असलेलं मूळ ओळखपत्र आणि गाडीचे कागद. सागरी पोलीस गस्तीत विचारतात, रात्री जास्त. फोनमध्ये हे क्रमांक ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आपत्कालीन ११२. राहत्या घरमालकाला जागा आणि परतीची वेळ सांगून निघा.

५. बांधणी

सगळ्यात उपयोगी बांधणी सरकत्या शिशाची. मुख्य लाइनवर मोकळं शिसं ओवा, मागून मणी, मग फिरकी बांधा. फिरकीच्या दुसऱ्या टोकाला ४० ते ६० सेंमी तंगूस आणि त्याला गळ. मासा आमिष घेऊन निघाला की लाइन शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही.

खडपावर हीच बांधणी दर तिसऱ्या फेकीला अडकते आणि सगळं तुटून जातं. तिथे शिसं वेगळ्या, पातळ ०.२५ मिमी तंगूसाच्या वीतभर तुकड्याने फिरकीला लटकवा. अडकलंच तर तेवढा तुकडा तुटतो. गळ, लीडर आणि लागलेला मासा परत येतो.

गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तंगूस तापतो, पांढरट होतो आणि तिथेच तुटतो. अशी पांढरी गाठ दिसली तर कापा आणि पुन्हा बांधा. ब्रेड लाइन घसरते, तिला तंगूसापेक्षा दोन-तीन वेढे जास्त द्या.

चक्रीचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला लाइन सुटावी हे ठरवणारा ब्रेक, अंदाजाने लावू नका. लाइन काठीच्या कड्यांतून ओवून ताणकाट्याला बांधा, काठी अर्धी उभी धरा आणि ओढा. लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला ती सुटली पाहिजे. ३० पौंडी लाइनला सव्वातीन-साडेतीन किलो. नवखे एकतर पूर्ण आवळतात, मग पहिल्या धक्क्याला तुटतं, किंवा इतकं सैल ठेवतात की तांबोशी सरळ दगडाखाली घुसते.

६. आमिष

जिवंत कोळंबीला तोड नाही. सकाळी पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन पागणारे लोक खाडीकाठी भेटतात, त्यांच्याकडून वाटाभर विकत घ्या. मे महिन्यात ती मरते ती उन्हाने नव्हे, बादलीतलं पाणी तापल्याने. बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, सावलीत ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धं पाणी बदला. बर्फ थेट टाकू नका, त्याच्या गोड्या पाण्याने कोळंबी उलटी होते. पाण्याची बाटली गोठवून ती बादलीत तरंगती ठेवा.

कोळंबी गळाला लावताना तिच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, त्याच्या मुळाशी आडवा गळ घाला. उजेडासमोर धरलीत तर डोक्यात एक काळा ठिपका दिसतो. गळ त्याच्या पुढून जायला हवा. ठिपक्याला टोचलं की कोळंबी तिथेच मरते. नाही टोचलं तर गळावर अर्धा तास पाय मारत राहते, आणि मासा त्या हालचालीवर येतो.

बोयचं बोटभर पिल्लू वरच्या ओठातून टोचा. बांगड्याचे तुकडे त्वचेसकट कापा आणि गळ त्वचेतून बाहेर काढा, नुसतं मांस दुसऱ्या फेकीला निसटतं. माकुलाची (स्क्विडची) पट्टी चिवट असते, बारीक मासे कुरतडत असतील तेव्हा तीच टिकते. मुडदुश्याला सोललेल्या कोळंबीचा सेंटिमीटरभर तुकडा पुरे. मोठा लावलात तर ते कडा खातात आणि गळ मोकळा येतो.

कृत्रिम आमिष वापरायचं तर १० ते १२ सेंमीचा मऊ रबरी मासा, १५ ते २० ग्रॅमच्या शिसं-गळावर. खाजणाच्या तोंडाशी पाण्याच्या वरच्या बाजूला फेका, वाहू द्या, चक्रीच्या दोन गिरक्या द्या, थांबा. जिताडा बहुतेक वेळा थांबल्यावर मारतो.

७. गळ पाण्यात गेल्यावर

एका जागी वीस मिनिटं द्या, मग दहा पावलं सरका. दिवसभर एका दगडावर बसणं ही सवय जेट्टीवर चालते, खाडीत नाही.

आमिष काय होऊन परत येतं ते नीट पाहा, पाण्याखालचं तेच सांगतं. तंगूस स्वच्छ कापलेला आणि आमिषावर अर्धवर्तुळी चावे असतील तर खाली केंड आहे. जागा सोडा. कोळंबीचं फक्त कवच उरलं असेल आणि काठीला हळू ओढ लागली असेल तर खेकडा. एकामागून एक शेंगाळे येत असतील तर आमिष चिखलावर पडून आहे. शिसं हलकं करा किंवा तरंगता बोया लावून ते तळापासून फूटभर वर उचला, म्हणजे पालू आणि तांबोशीच्या तोंडासमोर येईल.

साधा गळ असेल तर मासा ओढू लागल्यावर काठी ठामपणे उचला. गोलाकार, टोक आत वळलेला गळ असेल तर झटका अजिबात द्यायचा नाही. लाइन ताणू द्या, काठी वाकू द्या, चक्री फिरवत राहा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात तर तोंडातून सरळ निसटून येतो.

तांबोशी पहिल्या पाच सेकंदांत दगड गाठते. तेवढा वेळ लाइन देऊ नका. जिताडा उलट उसळी मारून डोकं झटकतो, तेव्हा काठीचं टोक पाण्याकडे झुकवा.

८. हातात घेण्याआधी ओळखा

शेंगाळा: पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, असे तीन विषारी काटे. पायाने दाबू नका, काटा बुटातून जातो. पकडीने गळ धरून उलटा करा, मासा स्वतःच्या वजनाने सुटतो.

पाकट: शेपटीच्या काट्यापासून लांब राहा, तंगूस कापून सोडून द्या. पुळणीवर उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे वाळूत दडलेली पाकट आधीच निघून जाते.

यांपैकी कशाचाही काटा लागला तर थर्मासमधल्या पाण्यात साधं पाणी मिसळून ते सोसेल एवढं गरम ठेवून, म्हणजे ४५ अंशांच्या आसपास, हात किंवा पाय त्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या भागाला भाजल्याचं कळत नाही. उष्णतेने वेदना उतरते. त्यानंतर दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पाकटीचा काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपसू नका, तसंच रुग्णालय गाठा.

केंड: खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही.

जिताडा: कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. कल्ल्यात बोटं घालू नका, खालचा जबडा धरा.

टोळ: लांब चोच, दात बारीक, डोळ्यांपासून दूर धरा.

९. काय ठेवायचं, काय सोडायचं

हंगामाच्या शेवटी हा प्रश्न महत्त्वाचा, कारण पोटात गाभोळी भरायला लागलेली असते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला गेला. तुमच्या भागात मिळणाऱ्या जातींची यादी मत्स्य कार्यालयातून घ्या आणि मोजपट्टी बरोबर ठेवा.

जिताड्याचं वेगळं आहे. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मीटरभर लांबीच्या आसपासचे जवळजवळ सगळे माद्याच. पावसाळ्याच्या तोंडावर त्या खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला उतरतात, आणि एक मादी लाखो अंडी घालते. मेमध्ये असा मोठा जिताडा लागला तर तो सोडावा असं मला मनापासून वाटतं. दोन-तीन किलोचा ठेवा, चवीलाही तोच चांगला.

सोडायचा मासा कोरड्या तापलेल्या कातळावर ठेवू नका. हात ओले करा, पाण्यातच गळ काढा. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाशी कापा. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून पोटाखालून आधार द्या. शेपटी स्वतः मारेपर्यंत हात काढू नका.

१०. बर्फ

मेच्या उन्हात मासा तासाभरात मऊ पडतो. ठेवायचा मासा लगेच मारा, कल्ले कापा, समुद्राच्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन मिनिटं रक्त जाऊ द्या. मग पेटीत दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी कालवून त्यात बुडवा. नुसत्या खड्यांपेक्षा हा काला मासा कितीतरी लवकर गार करतो. घरी नेताना आतडी-कल्ले काढून एक किलो माशाला एक किलो बर्फ, आणि पेटीचं खालचं बूच उघडं, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहणार नाही.

बांगडा आणि सुरमईबाबत जास्त जपा. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं ठणकणं हे त्यानेच. एकदा तयार झालं की तळून, उकळून जात नाही. रस्त्यावर उन्हात मांडलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

११. वळीव

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने काळे ढग चढतात. कार्बनची काठी वीज वाहून नेते आणि मोकळ्या पुळणीवर ती सगळ्यांत उंच वस्तू असते. गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवा, पाण्यापासून दूर जा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. झाडाखाली नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या. वळीव झाल्यावर ओहोळातून लाल पाणी खाडीत उतरतं. त्या संध्याकाळी खाजणात गरवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशी मुखाशी जा.

१२. सामान पावसाळ्यासाठी ठेवताना

शेवटच्या फेरीनंतर चक्रीवर नळ जोरात सोडू नका, खारं पाणी आत ढकललं जातं. ओल्या फडक्याने पुसा, हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा. लाइन चक्रीवरून सोडवून एक रात्र गोड्या पाण्यात भिजवा आणि वाळल्यावर पुन्हा गुंडाळा. काठीच्या कड्यांतून कापूस फिरवा. धागा अडकला तर कड्याला तडा आहे आणि ते पुढच्या हंगामात लाइन कापेल. गळ गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचा हात लावून डबीत ठेवा. गंजलेला एक गळ डबीतले सगळे गंजवतो, तो फेकून द्या. ड्रॅगची चकती पूर्ण सैल करा. तीन महिने आवळलेली राहिली तर आतले वॉशर दबून चिकटतात, आणि नारळी पौर्णिमेनंतरचा पहिलाच मोठा मासा लाइन सुटत नाही म्हणून तोडून जातो.